औषध लागू पडत नाही तेव्हा

ऑटिस्टिक माणसाला नैराश्य आले किंवा चिंतेने घेरले, औषध सुरू झाले आणि पुरेसा काळ देऊनही त्याचा गुण आला नाही, की पुढचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : आता दुसरे कोणते औषध द्यायचे? माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे, तिशी ओलांडलेला आहे, नोकरी करतो, आणि त्याच्याबाबत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याच्या आधी यायला हवा असलेला प्रश्न कुणीच का विचारत नाही, याचे मला फार दिवस नवल वाटत राहिले. तो प्रश्न असा : इतका काळ आपण नेमका कशावर उपचार करत होतो? औषध निष्फळ ठरणे ही आजाराबद्दलची माहिती आहे. ती वाचली नाही, तर तोच माणूस ‘उपचारांना दाद न देणारा’ म्हणून कागदावर नोंदवला जातो आणि त्या शिक्क्याचे ओझे त्याच्याच मनावर पडते.

हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. ऑटिस्टिक प्रौढांवरील अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की कोणत्याही एका काळी त्यांच्यातील सुमारे २७ टक्के जणांना चिंतेचा विकार आणि २३ टक्के जणांना नैराश्य असते. आयुष्यभराचा हिशेब धरला तर हेच आकडे ४२ आणि ३७ टक्क्यांवर जातात. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे निरीक्षण मांडून ऑटिझमचे जे पहिले सविस्तर वर्णन केले, त्यातच भोवतालचे सारे जसेच्या तसे राहावे या मुलांच्या आग्रहाला त्यांनी चिंतेची जोड दिलेली आहे. म्हणजे चिंता पहिल्या दिवसापासून समोर होती. तरीही तिला पुढे कितीतरी वर्षे ऑटिझमचाच एक भाग मानून सोडून दिले गेले, किंवा मग इतर कुणाच्याही चिंतेसारखीच ती आहे असे धरून इतरांसाठीचेच उपाय तिला लावले गेले.

औषधांचा मुद्दा आधी नीट सांगितला पाहिजे, कारण या विषयावर लिहिताना औषधांविरुद्ध बोलण्याचा मोह होतो आणि तो घातक आहे. नैराश्य आणि चिंता यांवर सर्वाधिक दिली जाणारी एसएसआरआय गटातील औषधे इतर लोकांवर कसून तपासली गेली आहेत. ऑटिस्टिक लोकांवर त्यांच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांतील बऱ्याच चाचण्यांचा रोख चिंता किंवा नैराश्याकडे नव्हताच, तो पुन्हापुन्हा केल्या जाणाऱ्या कृती कमी करण्याकडे होता. सिटालोप्रामची २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली, १४९ मुलांवरील चाचणी अशीच होती. तीत ते औषध निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. उलट औषध घेणाऱ्या मुलांमध्ये अस्वस्थ चळवळेपणा, उतावीळपणा आणि झोप न येणे हे त्रास अधिक दिसले. या गटाच्या औषधांवरील उपलब्ध चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१३ मध्ये घेतलेला आढावाही मुलांच्या बाबतीत फायद्याचा पुरावा नाही, अपायाची चिन्हे मात्र आहेत आणि प्रौढांच्या बाबतीत पुरावा तोकडा आहे, असेच सांगतो. रिस्पेरिडोन आणि अरिपिप्राझोल या दोन औषधांना अमेरिकेत अनुक्रमे २००६ आणि २००९ मध्ये ऑटिझमसंदर्भात जी मान्यता मिळाली, ती मुलांमधील तीव्र चिडचिडीपुरती आहे. ज्या मुलाची चिडचिड मुळात भीतीतून येते, त्याची चिडचिड औषधाने दबली तरी भीती आतल्या आत तशीच राहू शकते.

याचा अर्थ औषधे निरुपयोगी आहेत असा नाही. काही ऑटिस्टिक व्यक्तींना त्यांचा स्पष्ट फायदा होतो. कधी अगदी लहान मात्रेने सुरुवात करून फार हळू वाढवल्यावर होतो. तेव्हा हा लेख वाचून कुणी चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये, कारण ते एकदम सोडल्याने होणारे त्रास वेगळेच आणि तीव्र असू शकतात. पण औषधाने वाढलेली अस्वस्थता ओळखता आली पाहिजे. भावाचा डोस एकदा वाढवल्यावर तो रात्र रात्र खोलीत येरझाऱ्या घालू लागला. ती चिंता वाढल्याची खूण मानली गेली आणि डोस आणखी वाढवण्यात आला. तो स्वतः ‘पायांत काहीतरी चालू आहे’ एवढेच सांगत होता, आणि ते वाक्य तपासण्यासारखे आहे असे त्या वेळी उपचार करणाऱ्यांना वाटले नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी डोस पूर्वीच्या पातळीवर आणला तेव्हा येरझाऱ्या थांबल्या. मूळची चिंता मात्र जिथल्या तिथे होती.

आता तो आधीचा प्रश्न. नैराश्य मोजण्यासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्या झोप, भूक, एकाग्रता आणि हालचालींचा मंदपणा किंवा अस्वस्थपणा यांबद्दल विचारतात. ज्याची झोप लहानपणापासून तुटक आहे, जो ठरावीकच पदार्थ खातो आणि ज्याचे हात कायम हलत असतात, त्याची बेरीज नैराश्य नसतानाही फुगते. आणि ज्याचा चेहरा आणि आवाज दुःखातही बदलत नाही, त्याचे खरे नैराश्य समोरच्याला दिसतच नाही. त्यात आणखी एक अडचण अशी की स्वतःच्या भावना ओळखणे आणि शब्दांत सांगणे ज्यांना कठीण जाते, असे लोक ऑटिस्टिक लोकांमध्ये जवळजवळ निम्मे आढळतात, तर इतरांमध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असते. भावना नसते असे नाही. ती पोटात, छातीत, जबड्यात येऊन बसते आणि तिचे नाव मात्र सापडत नाही. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला माझा भाऊ अनेक वर्षे एकाच शब्दाने उत्तर देत असे : ‘पोट.’ त्यावरून पोटाच्या तपासण्या झाल्या.

त्याला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने मदत झाली ती एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे, आणि तीही एका मोजपट्टीने. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले की शून्य ते दहापैकी चिंता किती आहे. त्याने विचारले, ‘दहा म्हणजे काय?’ हा प्रश्न त्याने याआधीही इतरांना विचारला होता आणि ‘तुम्हाला वाटेल ते’ असे उत्तर मिळवले होते. या बाईंनी कागद पुढे ओढला आणि त्या दोघांनी मिळून प्रत्येक आकड्यासमोर काय दिसते ते लिहून काढले. तीन म्हणजे एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. पाच म्हणजे जबडा दुखतो. सहा म्हणजे फोन उचलता येत नाही, पण लिहून उत्तर देता येते. आठ म्हणजे बोलणे बंद होते. कुठल्याच आकड्यासमोर ‘भीती वाटते’ असे लिहिलेले नव्हते. पण तो कागद तयार झाल्यावर पहिल्यांदाच त्याला दुपारी कळू लागले की आपण पाचावर आहोत, आणि आठावर पोहोचण्याआधी काही करता येईल. त्याआधी घरात सगळ्यांना ते एकदम आठावरच दिसायचे आणि ‘अचानक काय झालं याला’ असे आम्ही म्हणायचो.

बोलून करायच्या उपचारांपैकी सर्वाधिक पुरावा असलेला उपचार म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, अर्थात सीबीटी, जिच्यात विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलून त्रास कमी केला जातो. ती ऑटिस्टिक लोकांना जमत नाही असे बरेचदा ऐकू येते. मला हे अर्धवट निदान वाटते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १६७ ऑटिस्टिक मुलांवरील चाचणीत नेहमीची सीबीटी आणि ऑटिझम लक्षात घेऊन बदललेली सीबीटी या दोन्हींनी चिंता कमी झाली, पण बदललेली पद्धत अधिक प्रभावी ठरली. बदल करायचे ते कोणते, हेही गूढ नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने ऑटिस्टिक प्रौढांसाठी २०१२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ते स्वच्छ लिहिलेले आहेत : सत्र ठरलेल्या आराखड्याने चालावे, बोलण्याबरोबर लिखित आणि चित्ररूप माहिती द्यावी, विचारांच्या उकलीपेक्षा वागण्यातील बदलावर अधिक भर द्यावा, नियम स्पष्ट सांगावेत, रूपके आणि काल्पनिक प्रसंग टाळावेत, मध्ये विश्रांती द्यावी, आणि त्या व्यक्तीच्या आवडीचे विषय उपचारात आणावेत. हे वाचताना कुणालाही वाटेल की यात अवघड ते काय. तरीही भावाच्या आधीच्या एका समुपदेशकांनी त्याला ‘तुमच्या चिंतेला ढगासारखं वाहून जाऊ द्या’ असे सांगितले होते आणि तो घरी येऊन मला विचारत होता, ‘ताई, कुठल्या उंचीवरचा ढग?’

हा प्रश्न त्याने गांभीर्यानेच विचारला होता, कारण हवामान हे त्याचे खरे जग आहे. शाळेत असल्यापासून तो हवेच्या दाबाच्या नोंदी ठेवतो, समभाररेषांचे नकाशे मोठ्या प्रेमाने पाहतो. बाईंनी हे हेरले. त्याची सर्वांत मोठी अडचण अनिश्चिततेची होती. पुढे काय होणार हे ठाऊक नसणे त्याला वाईट घडण्यापेक्षाही असह्य होते. ऑटिस्टिक लोकांच्या चिंतेत अनिश्चितता सहन न होण्याचा वाटा मोठा असतो, हे आता संशोधनातून चांगलेच पुढे आले आहे. एका सत्राला मी सोबत होते, तेव्हा बाईंनी विचारले, ‘उद्या पावसाची शक्यता साठ टक्के असेल तर तुम्ही काय करता?’

‘छत्री घेतो आणि जातो.’

‘आणि पाऊस नाही पडला, म्हणजे अंदाज चुकला, तर?’

तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला, ‘अंदाज चुकत नाही. चाळीस टक्के पण त्यातच असतात.’

‘मग उद्याच्या मीटिंगचा अंदाज आपण असाच लिहायचा का?’

त्या दिवसापासून त्याने अंदाजाची वही सुरू केली. प्रसंग कोणता, काय वाईट होईल असे वाटते, त्याची शक्यता किती टक्के, सोबत कोणती छत्री न्यायची, आणि प्रसंग झाल्यावर प्रत्यक्षात काय झाले. हवामानशास्त्रात अंदाज वर्तवून कुणी गप्प बसत नाही, तो नंतर पडताळून पाहिला जातो, आणि पडताळणीच त्याला सगळ्यात आवडत होती. ‘तुझी भीती अवास्तव आहे’ असे त्याला कुणीही, कधीही म्हटले नाही. वहीच काय ते सांगू लागली.

आणि वहीने जे सांगितले ते आम्हा सर्वांनाच नवे होते. फोनवर बोलणे, वरिष्ठांना शंका विचारणे, अनोळखी इमारतीत जाणे, यांबाबतचे त्याचे अंदाज सातत्याने फुगलेले निघाले. ऐंशी टक्के लिहिलेली आपत्ती क्वचितच यायची. पण काही प्रसंगांबाबत त्याचा अंदाज जवळजवळ दर वेळी बरोबर येत होता. कार्यालयातील त्याची जागा वातानुकूलन यंत्राच्या झोताखाली होती, बाजूला सतत वाजणारे फोन, वर एक गुणगुणणारी ट्यूबलाइट. ‘तिथे दिवसभर बसलो की संध्याकाळी बोलता येणार नाही, नव्वद टक्के’ असे तो लिहायचा, आणि संध्याकाळी खरोखरच त्याचे बोलणे बंद व्हायचे. या दुसऱ्या प्रकाराला विकार म्हणणे मला मान्य नाही. तो अचूक अंदाज होता, आणि अचूक अंदाजावर गोळीचा परिणाम होत नाही यात नवल कसले?

उपचाराचे सारे मर्म मला इथे दिसते, म्हणून थोडे थांबून लिहिते. भीतीवरील नेहमीचा उपाय असा की ज्याची भीती वाटते त्याला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे, टाळायचे नाही. सवयीने भीती ओसरते. हे तत्त्व खरे आहे, आणि भावाच्या फोनच्या भीतीवर ते लागूही पडले. पण ज्या आवाजाने कान प्रत्यक्ष दुखतात, त्याची सवय व्हायला मुळात तिथे चुकीची भीती नाही. तिथे वेदना आहे. ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये प्रकाश, आवाज, स्पर्श, वास यांबाबत कमी-अधिक संवेदनशीलता असते, ही गोष्ट डीएसएम या निदानग्रंथाच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत निकषांत आली. ऑटिस्टिक लोक ती कितीतरी आधीपासून सांगत होते. अशा वेदनेला पुन्हा पुन्हा सामोरे जायला लावले तर माणूस फक्त दोन गोष्टी शिकतो : त्रास लपवायला, आणि मदत करणाऱ्यावर विश्वास न ठेवायला. उलट बाजूही तितकीच खरी आहे. प्रत्येक भीतीला संवेदनांचे नाव देऊन तिच्यापासून वाट काढून दिली, तर आयुष्य महिन्यागणिक आक्रसत जाते, आणि प्रेमापोटी असे करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. दोन्हींतला फरक बाहेरून ठरवता येत नाही. सामोरे गेल्यावर पुढच्या खेपेला त्रास थोडा तरी कमी होतो का, हे बघावे लागते. होत असेल तर पुढचा टप्पा घ्यावा, होत नसेल तर जागा बदलावी. भावाची जागा बदलली, कान झाकणारे हेडफोन वापरायला संमती मिळाली, आणि बैठकीचे विषय आदल्या दिवशी लिहून मिळू लागले. या तीन गोष्टींनी जे साधले, ते आधीच्या औषधांपैकी कशानेही साधले नव्हते.

नैराश्याचा प्रश्न याहून बिकट आहे. तिथे नेहमीचा सल्ला असतो की घराबाहेर पडा, माणसांत मिसळा, दिवस कामांनी भरा. हालचाल आणि कृती वाढवणे हा नैराश्यावरचा चांगला उपाय आहे यात शंका नाही. पण ऑटिस्टिक लोक ज्याला बर्नआउट म्हणतात, ती दीर्घ थकव्याची अवस्था वरून अगदी नैराश्यासारखी दिसते : बोलणे कमी होते, आंघोळीसारखी साधी कामे जमेनाशी होतात, आवाज-उजेड पूर्वीपेक्षा अधिक बोचतात. तिच्या मुळाशी बहुधा वर्षानुवर्षे स्वतःला झाकून वावरण्याचा शीण असतो; डोळ्यांत पाहायचे, हात हलू द्यायचे नाहीत, कुठे हसायचे ते आधी पाठ करून ठेवायचे. आपला ऑटिझम असा लपवण्याचा संबंध आत्महत्येच्या विचारांशी असल्याचे २०१८ मधील एका ब्रिटिश अभ्यासात दिसून आले आहे. अशा माणसाला ‘आणखी मिसळ’ असे सांगणे म्हणजे ज्या गोष्टीने तो थकला तीच वाढवून देणे. त्याला आधी मागण्या कमी करून हव्या असतात, एकट्याने राहण्याचा वेळ हवा असतो, आणि जिथे काही झाकावे लागत नाही अशी एखादी तरी जागा हवी असते. कृती वाढवायचीच असेल तर ती त्याच्या आवडीच्या विषयापासून सुरू व्हावी. भावाच्या सर्वांत वाईट काळात त्याला फिरायला नेण्याचे आमचे सगळे प्रयत्न फसले; दाबाच्या नोंदी पुन्हा लिहू लागला, त्या मात्र कुणी न सांगता. नैराश्य ओसरत असल्याची ती पहिली खूण होती.

औषधाला यश न येण्यामागे शरीराची कारणेही असतात आणि ती तपासणे सोपे असूनही राहून जाते : झोपेचे विकार, थायरॉइड, बद्धकोष्ठता किंवा दातदुखीसारखी सांगता न आलेली वेदना, अपस्मार. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे कठीण जाणे आणि अतिचंचलता, सोबत असेल तर तेही बघावे लागते. डीएसएमच्या आधीच्या आवृत्तीत ही दोन निदाने एकत्र करण्यास मुभाच नव्हती, त्यामुळे २०१३ पूर्वी निदान झालेल्या कित्येकांचे ते निदान कधी झालेच नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र आडवळणाने लिहून चालणार नाही. स्वीडनमधील मोठ्या अभ्यासात, २०१६ मध्ये, असे आढळले की बौद्धिक अक्षमता नसलेल्या ऑटिस्टिक लोकांमध्ये आत्महत्येने मृत्यू येण्याची जोखीम इतरांच्या तुलनेत सुमारे नऊपट आहे. म्हणून औषध लागू पडत नसेल, तर पुढच्या भेटीपर्यंत वाट पाहण्याआधी विचारले पाहिजे, आणि सरळ शब्दांत विचारले पाहिजे. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो हा समज खोटा आहे. ‘स्वतःचं काही बरंवाईट करण्याचं मनात येतं का?’ अशा झाकलेल्या वाक्याचा अर्थ माझ्या भावाला लागला नव्हता. ‘मरावंसं वाटतं का?’ या प्रश्नाला त्याने लगेच ‘हो, मंगळवारपासून’ असे उत्तर दिले. त्यानंतर डॉक्टर, तो आणि मी अशा तिघांनी सुरक्षिततेचा आराखडा लिहिला : कुठल्या आकड्याला एकटे राहायचे नाही, बोलता येत नसेल तर कोणता ठरलेला संदेश पाठवायचा, तो मिळाल्यावर मी काय करायचे आणि कोणते प्रश्न विचारायचे नाहीत. बोलता न येण्याची सोय त्यात नसती, तर फोन नंबरांची यादी ऐन वेळी त्याच्या काहीच कामाची नव्हती.

डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडले की ऑटिस्टिक आणि इतर लोक यांच्यातील न समजण्याची अडचण दुहेरी असते; इतरांनाही ऑटिस्टिक मन तितकेच कळत नसते. उपचारांच्या खोलीत हे रोज घडते, आणि तिथे त्याची किंमत मात्र एकच बाजू मोजते. भावाला इतर ऑटिस्टिक प्रौढांशी लिहून बोलण्याची संधी मिळाली तेव्हा ‘माझं काहीतरी बिघडलेलं आहे’ हे त्याचे वाक्य हळूहळू कमी ऐकू येऊ लागले. याला मी उपचारच म्हणते.

त्याची चिंता गेलेली नाही. तो एक औषध अजून लहान मात्रेत घेतो आणि ते आता कमी करायचे का, यावर सध्याच्या डॉक्टरांशी त्याचे बोलणे सुरू आहे. प्रश्न तो आधी लिहून पाठवतो. या वेळचा प्रश्न असा होता की डोस उतरवल्यावर जे होईल, ते औषध सुटल्यामुळे आहे की आजार परतल्यामुळे, हे ओळखायचे कसे? डॉक्टरांनी लेखी उत्तर दिले : औषध कमी झाल्याचे त्रास बहुधा पहिल्या काही दिवसांतच येतात, आणि चक्कर किंवा विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे अनेकदा नवेच असतात, आजार परततो तो सहसा आठवड्यांच्या अंतराने, ओळखीच्या खुणा घेऊन. म्हणून मात्रा फार हळू उतरवायची, रोज आकडा लिहायचा, आणि त्या काळात जागा, कामाची वेळ, हेडफोन, यांतले काहीही बदलायचे नाही, म्हणजे कशामुळे काय झाले ते कळेल. त्याने त्यावर एकच दुरुस्ती सुचवली, की आकडा दिवसातून एकदा पुरणार नाही, सकाळ आणि संध्याकाळ असा दोनदा लिहावा लागेल, आणि डॉक्टरांनी ती मान्य केली आहे.